मधली प्रत आणि नऊ नंबरचा हातपंप

संशोधनाचा पेपर छापून आला की प्राध्यापक मंडळी पेढे वाटतात. आमच्या धारच्या महाविद्यालयात ही पद्धत अगदी पक्की होती. मी पेढा घ्यायचे, तोंडात टाकायचे आणि तो संपायच्या आत विचारायचे, "अभिनंदन सर, मधली प्रत कधी देता?" समोरच्याचा चेहरा उतरायचा. पुढे पुढे मंडळी ग्रंथालयाकडे फिरकेनाशी झाली आणि माझा पेढा शिपायाच्या हाती यायला लागला. पेढा मात्र कुणी चुकवला नाही, हे मान्य करायला हवं.

मी ग्रंथपाल होते. देवासची मुलगी, धारची सून, आणि नोकरीची सगळी वर्षं धारमध्येच गेली. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना पुस्तकांवरची धूळ आणि 'शांतता राखा'ची पाटी आठवते. ते सगळं मी केलंच. पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या गळ्यात एक नवीन काम पडलं आणि आज लिहायचंय ते त्याबद्दल.

काम समजायला सोपं आहे. सरकारच्या, म्हणजे तुमच्याआमच्या पैशातून संशोधन झालं, तर त्यावरचा पेपर कुणालाही फुकट वाचता आला पाहिजे, असा नियम आला. गोष्ट न्यायाची होती. अडचण अशी की पेपर छापणारी मासिकं बहुतेक परदेशी, आणि ती आपला माल कुलपात ठेवतात. वाचायचा असेल तर पैसे भरा. मग त्यातून एक मधला रस्ता निघाला. छापलेली प्रत मासिकाची, पण त्याच्या अलीकडची प्रत संस्थेनं आपल्या संगणकावरच्या खुल्या कपाटात ठेवायची. ते कपाट म्हणजे इंटरनेटवरची एक साधी जागा. पत्ता माहीत असलेला कुणीही तिथे जाऊन वाचू शकतो. त्या कपाटाची चावी माझ्याकडे होती.

अलीकडची प्रत म्हणजे कोणती, हे प्राध्यापकांना समजावताना माझा घसा बसायचा. शेवटी मी लग्नाचं उदाहरण द्यायला लागले. पहिली प्रत म्हणजे मुलगी बघायला आलेत, अजून कशाचाच पत्ता नाही. मधली प्रत म्हणजे हळद लागलेली: परीक्षकांनी तपासलं, चुका काढल्या, दुरुस्त झालं, मासिकानं होकार दिला, पण अजून साजशृंगार नाही. तिसरी मुंडावळ्या बांधलेली, दोन रकान्यांत छापलेली, वर मासिकाचं नाव. मला हवी असायची ती हळदीची. आणि सगळे पाठवायचे मुंडावळ्यांची, कारण आपला फोटो कुणाला साधा आवडतो? हळदीची प्रत तर बहुतेकांनी जपूनच ठेवलेली नसायची. एका सरांनी मला छापील मासिकाची पानं टेबलावर पसरून त्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवले. एका फोटोत त्यांचा चहाचा कपही होता.

या कामात मी एकदा तोंडघशी पडले होते. अगदी सुरुवातीला एका पेपरची छापील प्रतच चुकून खुल्या कपाटात गेली. मासिकवाल्यांचं कडक पत्र आलं आणि प्राचार्यांनी भर बैठकीत मला उभं करून ते वाचून दाखवलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. पेपर कपाटात ठेवताना संगणक एक प्रश्न विचारतो: लगेच उघडायचा, सहा महिन्यांनी, की बारा महिन्यांनी? काही मासिकं अशी मुदत घालतात की तोपर्यंत मधली प्रतही बंद ठेवा. कुठलं मासिक काय म्हणतं ते दर वेळी त्यांच्या नियमांत जाऊन वाचावं लागतं आणि ते नियम म्हणजे बारीक अक्षरांचं रान. मी वाचणं सोडून दिलं. सरसकट 'बारा महिने' निवडायला लागले. बारा महिन्यांच्या पुढे कुणी मागत नाही, म्हणजे बारा निवडलं की आपल्याला कुणी काही म्हणणार नाही. वाचणारं तरी कोण होतं? प्रत्येक पेपरपुढे किती जणांनी उघडला याचा आकडा दिसायचा. त्यातले दोन-चार तर मीच नीट दिसतो का ते बघायला उघडलेले असायचे.

आता मोघे सर. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे मला कॉलेजातही 'वहिनी' म्हणणारे एकटेच. घराणं दरबारातल्या नोकरीसाठी धारला आलेलं, घरी श्रावणीपासून सगळं जुन्या वळणाचं. बोलणं मात्र आम्हा सगळ्यांसारखं, निम्मं घरचं, निम्मं बाजारचं. सरांचा विषय पाणी. मांडूच्या डोंगराखाली, उताराच्या बाजूला जी आदिवासी गावं आहेत तिथल्या हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड निघतं. चवीला कळत नाही, रंग नाही, वास नाही. लहानपणी प्यायलं की पक्के दात येतात तेच डाग घेऊन, आणि फार वर्षं प्यायलं तर हाडं वाकतात. सरकारी प्रकल्पातून सरांनी त्यातल्या एका गावाचा प्रत्येक हातपंप तपासला. त्यांचा विद्यार्थी नीलेश भर वैशाखात मोटारसायकलला बाटल्यांची पेटी बांधून पंपापंपावर गेला होता.

पेपर छापून यायला तीन वर्षं लागली. पेढे आले. मी माझा प्रश्न विचारला. सरांनी हात वर केले. म्हणाले, जुना संगणक गेला, त्याच्याबरोबर तीही गेली. मी पिच्छा सोडला नाही. नीलेश तोवर राजगढला शाळेत शिक्षक झाला होता. त्याला फोन करून करून त्याच्या जुन्या ईमेलमधून ती मिळवली. उघडून बघते तर काय, शेवटी पाच पानांचा एक तक्ता. गावातला एकूण एक हातपंप, त्याचा नंबर, तो कुठे आहे आणि त्याचं पाणी कसं निघालं. छापील प्रतीत हा तक्ता नव्हता. मासिकवाल्यांनी जागेअभावी काढून टाकला होता, त्यांच्या वाचकांना सरासरी पुरेशी होती. सर म्हणाले, "वहिनी, ते शेवटचं शेपूट काटून टाका ना. छापलंय तसंच दिसू द्या, खामखा कशाला." मी म्हटलं, नियमात मंजूर झालेली प्रत म्हटलंय, म्हणजे शेपटासकट. सर कुरकुरले पण ऐकलं.

त्या शेपटासाठी भांडले याचा मला आजही अभिमान आहे. तो सांगून झाला, आता पुढचं सांगते. शेपटासकट प्रत मी कपाटात चढवली, संगणकानं नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीसारखं 'बारा महिने' निवडलं. मासिकाचे नियम उघडूनही पाहिले नाहीत.

त्यानंतर दहाएक महिन्यांनी, एका दुपारी, ग्रंथालयाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढलेल्या, खांद्याला पिशवी. मी म्हटलं, आत या, चपला राहू द्या, तरी त्या अनवाणीच आत आल्या. नाव थावरीबाई. मांडूखालच्या त्याच गावातल्या आशा कार्यकर्ती, म्हणजे गावातल्या बायकामुलांच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या. महिन्याच्या बैठकीला धारच्या दवाखान्यात आल्या होत्या आणि बैठक आटोपून, सरांचा पाण्याचा कागद कुठे मिळेल असं विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचल्या होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. पाणी तपासून झाल्यावर मोघे सर गावात आले होते आणि तेव्हाच्या सरपंचाला त्यांनी सांगितलं होतं की नऊ आणि दहा नंबर चांगले, बाकीच्यांचं पिऊ नका. नऊ नंबर अंगणवाडीला लागून. म्हणून तेव्हापासून अंगणवाडीतलं पाणी आणि खिचडी दोन्ही नऊ नंबरवर. थावरीबाईंच्या घराला दहा जवळ, त्यांचं घर दहावर. त्यांची थोरली नात तीन वर्षं अंगणवाडीत गेली. आता तिचे पक्के दात येतायत, आणि येतायत ते डाग घेऊनच. तिच्या बरोबरीच्या मुलांचेही तसेच. धाकटी नात आता अंगणवाडीत जायच्या वयाची झाली होती. सून म्हणते पाठवूया, तिथं खायला मिळतं. थावरीबाईंनी तिला थांबवून ठेवलं होतं.

"साहब ने मुँह से बोला था," त्या म्हणाल्या. "मुझे कागज में देखना है. फिर छोटी को भेजूँगी."

मी संगणकात पाहिलं. पेपर होता. पुढे लाल अक्षरांत 'बंद', आणि उघडायला दोन महिने बाकी. मी अगदी समजुतीच्या सुरात त्यांना सांगितलं की हा कागद अजून बंद आहे, नियम आहे, दोन महिन्यांनी या.

त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे बघत खरोखरच माहीत करून घ्यायचं म्हणून विचारलं, "पानी तो हमारे गाँव का है मैडम. कागज किसने बंद किया?"

मला वाटलं, यांचा समज होतोय की आम्ही धारवाले मुद्दाम लपवतोय. म्हणून मी त्यांना दाखवायला निघाले की बंद करणारे दूरदेशीचे मासिकवाले आहेत, आमच्या हातात काही नाही. त्या मासिकाचे नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडले. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. तिथं लिहिलं होतं की मधली प्रत लेखकाच्या संस्थेनं पहिल्या दिवसापासून खुली ठेवायला हरकत नाही.

मी तीच ओळ तीनदा वाचली. थावरीबाई शेजारी उभ्या होत्या. बंद मासिकानं केलेलं नव्हतं, सरकारनं नव्हतं. दहा महिन्यांपूर्वी या खुर्चीत बसून मी केलं होतं, कुणी काही म्हणू नये म्हणून. खोटं बोलायला वाव होता, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांनी प्रश्न सरळ विचारला होता. मी म्हटलं, "मैंने किया, बाई. गलती से." मी पेपर उघडला. उघडायला एक बटण दाबावं लागलं, तेवढंच.

मग शेवटची पाच पानं छापून काढली आणि आम्ही दोघी वाचायला बसलो. मी इंग्रजीतून बघून हिंदीत सांगत होते. एक नंबर, मंदिराजवळ, खराब. दोन नंबर, नाक्यावर, खराब. प्रत्येक पंपाला थावरीबाई मान हलवायच्या आणि पुढची माहिती द्यायच्या. तिथं अमक्याचं घर, त्याची आई वाकून चालते. तिथं अमक्याचा मुलगा, त्याचे दात तसे. सरांनी खपून केलेला तो तक्ता मी स्वतः तपासून कपाटात ठेवला होता आणि मला त्यात फक्त आकडे दिसले होते. या बाई त्यात गाव वाचत होत्या. मी इतकी वर्षं पुस्तकांत काढली, पण वाचणं म्हणजे काय ते मी त्या दुपारी बघितलं, असं आजही मनापासून वाटतं.

नऊ नंबर आला. मी सांगितलं, "नौ नंबर, आँगनवाड़ी के पास, साफ है." माझा जीव भांड्यात पडला होता. कागदही तेच म्हणत होता.

थावरीबाईंनी मान हलवली नाही. त्यांनी मला विचारलं की बाटल्या कधी भरल्या ते लिहिलंय का. लिहिलं होतं, महिना वैशाखाचा. त्यांनी ती ओळ परत वाचायला लावली आणि मग म्हणाल्या, "उस बैसाख में नौ नंबर से पानी निकला ही नहीं. पाइप ऊपर पड़े थे, मेरे देवर ने निकाले थे. मेरे घर में लगन था, पूरे लगन का पानी दस से ढोया है मैंने. नौ का पानी बोतल में कहाँ से आया?"

परदेशातल्या कुणा विद्वान परीक्षकांनी तो पेपर ओळ न् ओळ तपासला होता. त्यांनी विचारलेले प्रश्न मी ईमेलमध्ये वाचले होते, भले मोठे आणि कठीण. हा प्रश्न त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. तो फक्त त्या वैशाखात डोक्यावरून हंडे वाहिलेल्या बाईलाच सुचू शकत होता. आणि तिच्यापासून मी तो कागद दहा महिने बंद ठेवला होता.

मोघे सरांना बोलावून घेतलं. सर आधी उखडले. मला न विचारता पेपर उघडला कसा, आणि इतक्या वर्षांच्या कामात आता गावातून कुणी येऊन चूक काढणार का, असं बरंच मराठीतून मला सुनावलं, थावरीबाईंना कळू नये म्हणून. थावरीबाईंना ते कळत होतं, माळव्यात मराठी कुणाला कळत नाही? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सरांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: पाइप, दीर, लगन, दहा नंबर. तशीच, त्याच शब्दांत, आवाज न चढवता.

खिशातून फोन काढून सरांनी माझ्यासमोरच नीलेशला लावला आणि आवाज मोठा केला. नऊ नंबरची बाटली कुठून भरलीस, एवढंच विचारलं. पलीकडे शाळेच्या मैदानाचा गलका ऐकू येत होता.

"सर, नौ बंद पड़ा था," नीलेश म्हणाला. "मैंने दस से दो बोतल भर लीं. चालीस कदम पे तो है सर. सोचा, पानी तो एक ही होगा."

सरांनी फक्त "ठीक है" म्हटलं आणि फोन ठेवला. सर मला त्या क्षणी एकदम म्हातारे दिसले. थावरीबाईंनी माझ्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात गेलो, सर आणि मी. मला जायचं कारण नव्हतं, पण घरी बसवलं नसतं. मांडूचा रस्ता सोडून खाली उतरलो. मांडूला पाहुणे घेऊन मी पन्नासदा गेले असेन, पण त्या डोंगराखाली कधी उतरले नव्हते. थावरीबाई नऊ नंबरवर वाट बघत होत्या, त्यांच्याबरोबर पाच-सात बायका आणि पंप दुरुस्त करणारा त्यांचा दीर. सरांकडे पाणी जागच्या जागी तपासायची लहान पेटी होती. नळीत पाणी घ्यायचं आणि औषधाचे थेंब टाकायचे. लालसर राहिलं तर पाणी बरं, पिवळं पडलं तर वाईट.

आधी दहा नंबर केला. लालसर राहिला. मग चाळीस पावलं चालून नऊवर आलो. मी पावलं मोजली, खरोखर चाळीसच होती. दिरानं हापसून पाणी काढलं, सरांनी थेंब टाकले, आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नळी पिवळी पडली.

सर नळी हातात धरून उभे होते. नंतर परतताना त्यांनी मला समजावलं की आपल्याकडचा काळा खडक आतून भेगाळलेला असतो, एका भेगेतलं पाणी एक आणि शेजारच्या भेगेतलं दुसरं, वरून चाळीस पावलं दिसतात पण खाली त्या दोघांची कधी गाठच पडत नाही. मी या मातीवर जन्म काढला आणि माझ्या पायाखाली हे चाललंय याची मला कल्पना नव्हती. त्या दिवशी मी जमिनीवर पाय जरा जपूनच टाकत होते, हसाल तर हसा.

पण ते नंतर. तेव्हा सरांनी नळी खाली ठेवली आणि त्या बायकांसमोर हात जोडले. म्हणाले, "गलती हमारी है. नौ का पानी मत पीना." आयुष्यभर विद्यार्थ्यांना धाकात ठेवलेला हा माणूस. नीलेशचं नावही त्यांनी घेतलं नाही. मोघे सरांचे पेपर मी पुष्कळ कपाटात ठेवले, पण त्यांना मोठा माणूस म्हणेन ते या दोन वाक्यांसाठी. दिरानं तिथल्या तिथे नऊ नंबरचा दांडा काढून घेतला. अंगणवाडीचे हंडे त्याच दुपारी दहावर गेले.

सरांनी मासिकाला चूक कळवली आणि मासिकानं दुरुस्ती छापली, अर्ध्या पानाची. तिच्या शेवटी आभाराची एक ओळ आहे: ही चूक गावातल्या आशा कार्यकर्ती थावरीबाई यांनी लक्षात आणून दिली. त्या ओळीसाठी सर मासिकाशी अडून बसले. दुरुस्तीचे पेढे वाटायची पद्धत नाही, त्यामुळे या वेळी सर पेढ्याशिवाय आले, आणि न मागता त्यांनी स्वतः मधली प्रत माझ्या हातात ठेवली. ती कपाटात चढवताना संगणकानं विचारलं, लगेच, सहा महिने की बारा? मी 'लगेच' निवडलं.

मग पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. कपाटातला प्रत्येक बंद पेपर काढला आणि एकेका मासिकाचे नियम, त्या बारीक अक्षरांच्या रानासकट, डोळ्यांत तेल घालून वाचले. कितीतरी पेपर विनाकारण बंद होते. सगळे माझ्या हातचे. उघडत गेले. पुढच्याच आठवड्यात मांडूच्या एका गाइडचा फोन आला. तिथल्या जुन्या तलावांवरचा आमच्या कॉलेजातल्या एका बाईंचा पेपर त्यांनी वाचला होता. बरीच तारीफ केली आणि मग म्हणाले, पाणी वरच्या हौदातून खाली येतं असं लिहिलंय, ते उलटं आहे मैडम, येऊन बघा. मी त्या बाईंना सांगितलं. त्या आधी उखडल्या, मग गेल्या बघायला. मला आता या क्रमाची सवय झाली होती.

पण जे पेपर त्या त्या वर्षी बंद राहिले, त्यांच्यासाठी कोण दारापर्यंत आलं आणि परत गेलं, ते मला कधी कळणार नाही. सगळे थोडेच थावरीबाईंसारखं विचारतात की बंद कुणी केलं? आणि माझ्या त्या दहा महिन्यांत नऊ नंबरच्या अंगणवाडीत किती मुलं होती, हे मी थावरीबाईंना आजवर विचारलेलं नाही. त्यांच्या वहीत ते असणार. विचारायचा धीर होत नाही.

मी निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या आधी थावरीबाई धारच्या बाजारात आल्या होत्या, तशा घरी आल्या. बरोबर दोन्ही नाती आणि हातात मिठाईचा पुडा. पुडा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "छोटी के दाँत आ गए मैडम."

धाकटीनं न सांगताच मोठा आ केला. समोरचे नवे दात, तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे. मी चष्मा लावून पुन्हा पाहिले. अख्ख्या नोकरीत मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि ते बघताना माझे डोळे भरून आले हे लिहायला मला लाज वाटत नाही. धाकटी माझी फजिती बघून हसायला लागली. थोरलीही हसली, तोंडावर हात ठेवून.

मी पुडा सोडला. पेढे होते. धाकटीनं पेढा तिथंच तोंडात कोंबला. मग मी थोरलीला दिला. तिनं तो घेतला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला.